आफ्रिकेतील ब्लॉगलेखिका : आठ मार्चच्या प्रदर्शनाच्या प्रकल्प नोंदी

६ जानेवारी २०२५

वाचनालयाच्या महिला विभागाचे आठ मार्चचे प्रदर्शन यंदा आफ्रिका खंडातील ब्लॉगलेखिकांवर करावयाचे, असे आजच्या बैठकीत ठरले. गेली काही वर्षे आपण महाराष्ट्रातील सुधारक स्त्रियांवरच फलक करीत आलो आहोत आणि त्यांतला निम्मा मजकूर आता येणाऱ्यांना तोंडपाठ झाला आहे, ही कार्यवाह ताईंची तक्रार रास्त होती. आफ्रिकाच का, या प्रश्नावर त्यांनी महर्षी कर्व्यांचा दाखला दिला. अण्णा १९३० च्या डिसेंबरात महिला विद्यापीठाच्या कार्याची माहिती देण्यासाठी आफ्रिकेच्या दौऱ्यावर निघाले आणि मोंबासा, युगांडा, टांगानिका, झांझिबार असे करीत थेट दक्षिण आफ्रिकेपर्यंत गेले. आपण त्या खंडाला आपल्या बायकांच्या शिक्षणाची हकिकत सांगून आलो, मग तिथल्या बायका काय लिहितात हे आपण एकदा तरी वाचू नये काय, असा ताईंचा सवाल होता. अण्णा तिथे भेटले ते मुख्यतः स्थायिक झालेल्या हिंदी लोकांना, अशी शंका कुणीतरी काढली. ती खरी असली तरी तिच्यामुळे सवालाचे उत्तर मिळत नाही.

कामाची एक शिस्त पहिल्याच दिवशी लिहून ठेवतो. फलकांना सत्कार समारंभाचे रूप येता कामा नये. ‘तेजस्विनी’, ‘रणरागिणी’, ‘नवदुर्गा’ हे शब्द मसुद्यात दिसले की खोडायचे. ती बाई काय लिहीत होती, तेच दुसरे कोणी का लिहीत नव्हते आणि तिने लिहिल्यावर पुढे काय झाले, एवढे प्रत्येक फलकावरून कळले पाहिजे. गौरव करायचा तर लेखनाचा करावा. नुसती नावे आणि पुरस्कार मांडले तर लोक दोन मिनिटांत भिंत संपवून चहाच्या टेबलाकडे वळतात, हा आजवरचा अनुभव आहे.

१० जानेवारी

काळपट्टीचा कच्चा आराखडा केला. सर्वांत जुने नाव सोकारी एकिने यांचे. या नायजेरियन लेखिकेने २००४ मध्ये ‘ब्लॅक लुक्स’ हा ब्लॉग सुरू केला आणि नायजर नदीच्या त्रिभुज प्रदेशातील तेलाचे राजकारण, स्त्रियांचे प्रश्न आणि समलिंगी व्यक्तींचे हक्क हे विषय एकाच ठिकाणी आणले. आफ्रिकेतील चळवळींनी मोबाइलचा वापर कसा केला यावरचा एक लेखसंग्रहही त्यांनी पुढे, २०१० मध्ये, संपादित केला.

पट्टीवर २००६ या वर्षापाशी गर्दी झाली आहे. केनियातील ‘म्झालेंदो’, नायजेरियातील लिंडा इकेजी यांचा ब्लॉग, उचे पेद्रो यांचे ‘बेलानाइजा’ आणि इजिप्तमधील घादा अब्देल आल यांचा ब्लॉग, ही सारी मंडळी त्याच वर्षीची आहेत. ब्लॉग फुकट उघडता येत होता, त्यासाठी संपादकाची मर्जी लागत नव्हती आणि शहरातल्या सायबर कॅफेत तासाच्या हिशेबाने बसता येत होते, एवढे भांडवल तोवर जमले होते. मात्र पूर्व आफ्रिकेत समुद्रतळाची पहिली फायबर केबल सुरू झाली ती २००९ च्या जुलैत. त्याआधीचे तिथले इंटरनेट उपग्रहावरून येणारे, संथ आणि महागडे होते. केनियाचा फलक वाचताना ही गोष्ट ध्यानात राहावी म्हणून काळपट्टीवर केबलची तारीख वेगळ्या रंगात घ्यायची आहे.

१४ जानेवारी

केनियाचा मसुदा पूर्ण झाला. या फलकाला दुप्पट जागा द्यावी असे माझे मत आहे आणि ते मी सोडणार नाही.

ओरी ओकोलो या नैरोबीच्या, हार्वर्डमधून कायदा शिकलेल्या. ‘केनियन पंडित’ या नावाने त्यांचा ब्लॉग होता. कॉनराड अकुंगा यांच्याबरोबर त्यांनी २००६ मध्ये ‘म्झालेंदो’, म्हणजे स्वाहिलीत देशभक्त, हे संकेतस्थळ काढले. केनियाच्या संसदेचे संकेतस्थळ बंद पडले होते, कारण आपली शैक्षणिक माहिती अशी चव्हाट्यावर यावी हे काही खासदारांना रुचले नव्हते. तेव्हा खासदार कोण, सभागृहात कोण बोलतो, कोण नुसता बसून असतो, कोणते विधेयक कुठे अडले आहे, ही माहिती दोन नागरिकांनी पदरमोड करून जमवायला आणि लोकांपुढे ठेवायला सुरुवात केली. सरकारी माहिती सरकारने दिली नाही तर ती आपण द्यावी, इतका साधा हा उद्योग होता.

२००७ च्या डिसेंबरातील निवडणुकीत मतदान करण्यासाठी दक्षिण आफ्रिकेतून त्या मायदेशी आल्या होत्या. ३० डिसेंबरला वादग्रस्त निकाल जाहीर झाला, अध्यक्ष म्वाई किबाकी यांचा शपथविधी त्याच संध्याकाळी घाईघाईने उरकला गेला आणि सरकारने थेट वृत्तप्रसारणावर बंदी घातली. देशात दंगली पेटल्या. पुढच्या काही आठवड्यांत अकराशेहून अधिक माणसे मारली गेली आणि काही लाख बेघर झाली. दूरचित्रवाणी मुकी झाल्यावर ‘केनियन पंडित’वर लोक आपापल्या गावची हकिकत कळवू लागले: अमुक रस्ता बंद आहे, तमुक वस्ती जाळली, अमक्या ठाण्यात आसरा मिळतो. एकट्या बाईने ती पत्रे वाचायची, पारखायची आणि छापायची, हे तिच्या आवाक्याबाहेर जाऊ लागले. ३ जानेवारी २००८ रोजी त्यांनी ब्लॉगवर विचारणा केली की, हिंसा कुठे कुठे झाली ते गूगलच्या नकाशावर मांडून देईल असा कोणी तंत्रज्ञ आहे का. पुढे जाब विचारायचा असेल तर आज नोंद राहिली पाहिजे.

त्या चार ओळी वाचून एरिक हर्समन, डेव्हिड कोबिया आणि ज्युलियाना रोटिच पुढे आले आणि काही दिवसांतच ‘उशाहिदी’, म्हणजे साक्ष, हा नकाशा उभा राहिला. साध्या मोबाइलवरून एसएमएस पाठवला तरी त्याची नोंद नकाशावर होत असे, आणि उपग्रहावरच्या महागड्या इंटरनेटच्या त्या दिवसांत सारी मेख तिथेच होती. पुढे हीच आज्ञावली हैतीच्या २०१० मधील भूकंपात वापरली गेली. ज्युलियाना रोटिच स्वतः ‘आफ्रोम्युझिंग’ या नावाने अपारंपरिक ऊर्जेवर ब्लॉग लिहीत. वीज गेली तरी चालू राहणारा ‘ब्रिक’ हा राउटर घडवणाऱ्यांतही त्या होत्या, ते वाचून आमच्या भारनियमन सोसलेल्या मंडळींना त्यांच्याविषयी विशेष जिव्हाळा वाटला.

ताईंनी मसुद्यावर एकच शेरा मारला: ३ जानेवारी ही सावित्रीबाईंची जयंती, तेव्हा त्याचा उल्लेख करावा. मी नको म्हटले. योगायोग आहे तो योगायोगच राहू द्यावा. फलक ओरी ओकोलो यांचा आहे.

१७ जानेवारी

भिंतीवर लावायला मागवलेला आफ्रिकेचा नकाशा आला आणि परत पाठवावा लागला. त्यात सुदान अजून अखंड आहे, म्हणजे मजकूर २०११ च्या जुलैपूर्वीचा. स्वाझीलँडचे इस्वातिनी झाल्याचेही त्या नकाशाला ठाऊक नाही. पुरवठादाराचे म्हणणे पडले की शाळांना हाच चालतो. चित्रकार काकांनी चौपन्न देशांची रेखाकृती हातानेच काढायचे कबूल केले आहे. ज्या देशांतील लेखिका आपण घेतल्या तेवढेच रंगवायचे आणि बाकीचे पांढरे सोडायचे, म्हणजे आपली निवड किती तोकडी आहे हे बघणाऱ्याला आपोआप कळेल.

२७ जानेवारी

आज ट्युनिशियाच्या ब्लॉगलेखिका लीना बेन म्हेन्नी यांचा स्मृतिदिन. २०२० साली याच तारखेला, अवघ्या छत्तिसाव्या वर्षी त्या गेल्या. त्यांचा फलक मुद्दाम आजच्या तारखेपर्यंत पूर्ण करायचा ठरवला होता आणि तो झाला.

लीना ट्युनिस विद्यापीठात भाषाविज्ञान शिकवीत आणि ‘ए ट्युनिशियन गर्ल’ हा ब्लॉग अरबी, फ्रेंच आणि इंग्रजीतून लिहीत. अध्यक्ष बेन अली यांच्या राजवटीत इंटरनेटवरची सेन्सॉरशिप इतकी अंगवळणी पडली होती की लोकांनी त्या अदृश्य सेन्सॉरला ‘अम्मार ४०४’ असे माणसाचे नावच देऊन टाकले होते; ४०४ हा पान न सापडल्याच्या संदेशाचा क्रमांक. पान उघडले नाही की अम्मारची कृपा झाली असे म्हणत. बहुतेक ब्लॉगर टोपणनावाने लिहीत असताना या बाईने स्वतःच्या नावाने लिहिले आणि त्यांचाही ब्लॉग अम्मारच्या तावडीतून सुटला नाही.

१७ डिसेंबर २०१० रोजी सिदी बुझिद गावात मोहम्मद बुआझिझी या फेरीवाल्याने स्वतःला पेटवून घेतल्यावर देशाच्या आतल्या भागात निदर्शने सुरू झाली. राजधानीतील वर्तमानपत्रांना त्याची वार्ता नव्हती, किंवा असली तरी छापायची नव्हती, आणि परदेशी वार्ताहरांना तिकडे पोचणे कठीण होते. २०११ च्या जानेवारीत लीना कॅमेरा घेऊन रेगेब आणि कासरीन या गावांत गेल्या. पोलिसांच्या गोळीबारात मेलेल्यांची आणि जखमींची छायाचित्रे त्यांनी घेतली, घरच्यांशी बोलल्या आणि सारे ब्लॉगवर ठेवले. ल्युपससारखा आजार आणि आईने दिलेले मूत्रपिंड घेऊन ही बाई गोळीबाराच्या गावांत फिरत होती, हे वाक्य मसुद्यात ठेवायचे की नाही यावर आमच्यात वाद झाला. शौर्याचे वर्णन करायचे नाही असे ठरले असले तरी ही वस्तुस्थिती आहे, म्हणून ठेवले. १४ जानेवारीला बेन अली देश सोडून पळाले. त्या वर्षीच्या शांततेच्या नोबेलसाठी लीना यांचे नाव सुचवले गेले होते आणि जर्मनीच्या डॉइचे वेले या प्रसारणसंस्थेने त्यांच्या ब्लॉगला सर्वोत्कृष्ट ब्लॉगचा पुरस्कार दिला.

मला मात्र पुरस्कारांपेक्षा नंतरची वर्षे अधिक मोलाची वाटतात. क्रांती झाल्यावर त्यांनी लेखणी खाली ठेवली नाही. नव्या सत्ताधाऱ्यांवरही त्या टीका करीत राहिल्या आणि जिवाला धोका असल्याने काही काळ त्यांना पोलीस संरक्षणात वावरावे लागले. वडील सादोक बेन म्हेन्नी हे बेन अलींच्या आधीचे अध्यक्ष बुर्गिबा यांच्या काळातले राजकीय कैदी. २०१६ पासून बापलेकीने मिळून तुरुंगांतील ग्रंथालयांसाठी हजारो पुस्तके गोळा केली. वाचनालयाच्या भिंतीवर ही गोष्ट मथळ्यात यायला हवी, आणि ती घेतली आहे. अंत्ययात्रेत त्यांच्या शवपेटीला खांदा दिला तो बायकांनी. आपल्याकडे अशी बातमी आली की तिला काय प्रतिक्रिया मिळतात ते आपण सगळे जाणतो, म्हणून त्यावर वेगळे भाष्य केलेले नाही.

३ फेब्रुवारी

इजिप्त. हा मसुदा वाचून दाखवताना बैठकीत इतका हशा पिकला की शेजारच्या वाचनकक्षातून तक्रार आली.

घादा अब्देल आल या महल्ला अल-कुब्रा या कापडगिरण्यांच्या शहरातील औषधनिर्मात्या. २००६ मध्ये त्यांनी ‘आयझा अतगव्विझ’, म्हणजे ‘मला लग्न करायचंय’, या नावाचा ब्लॉग इजिप्तच्या बोलीभाषेत लिहायला घेतला. इजिप्तमध्ये ठरवून होणाऱ्या लग्नाला दिवाणखान्यातले लग्न म्हणतात. मुलाकडची मंडळी येतात, मुलगी सरबताचा ट्रे घेऊन बाहेर येते, दोन्हीकडच्या आया एकमेकींचे माप घेतात, मुलाचे शिक्षण आणि पगार जरा फुगवून सांगितला जातो आणि तिशीकडे झुकलेल्या मुलीचा रोज एखादी मावशी नाहीतर शेजारीण पंचनामा करते. आमच्या सभासद भगिनींपैकी बहुतेकींनी आयुष्यात कधी ना कधी कांदेपोह्यांच्या बशा बाहेर नेलेल्या आहेत. त्यांना हे समजावून सांगायची गरजच पडली नाही. घादा यांचे कसब असे की त्या एकेका वराची टर उडवतात, पण लग्नाची इच्छा असणाऱ्या मुलीला कमी लेखत नाहीत. मला लग्न करायचे आहे, पण समोर बसवलेल्या कोणत्याही माणसाशी नव्हे, एवढेच त्यांचे म्हणणे आहे, आणि ते चारचौघांत मुलीने बोलायचे नसते म्हणूनच ब्लॉगवर बोलले गेले.

२००८ मध्ये कैरोच्या दार अल-शुरूक या नामांकित प्रकाशनसंस्थेने त्याचे पुस्तक केले, अनेक भाषांत अनुवाद झाले आणि २०१० च्या रमझानमध्ये त्यावरची दूरचित्रवाणी मालिका आली. रमझानच्या रात्री म्हणजे अरबी मालिकांचा ऐन हंगाम. नायिकेची भूमिका ट्युनिशियाच्या हेंद साब्री यांनी केली आणि पटकथा खुद्द घादा यांची होती.

याच महल्लातल्या गिरणी कामगारांनी ६ एप्रिल २००८ रोजी संप पुकारला होता. त्याला पाठिंबा म्हणून फेसबुकवर गट काढणाऱ्यांत इसरा अब्देल फत्ताह ही तरुणी होती आणि त्यापायी तिला अटक झाली. १८ जानेवारी २०११ रोजी अस्मा महफूझ यांनी कॅमेऱ्यासमोर बसून, २५ तारखेला कैरोच्या तहरीर चौकात सरकारविरोधी निदर्शनाला या, मी जाणार आहे, असे आवाहन करणारी चित्रफीत टाकली, तीही याच मालिकेतली. फलकावर दोघींना एकेक चौकट दिली आहे. मुख्य जागा मात्र घादा यांचीच. तहरीर चौकावर भरपूर लिहिले गेले आहे; दिवाणखान्यावर त्या मानाने फारच थोडे.

९ फेब्रुवारी

नायजेरियावरून मतभेद. लिंडा इकेजी यांचा ब्लॉग नटनट्यांच्या भानगडींचा, म्हणून तो आपल्या भिंतीवर नको, असे दोघींचे म्हणणे पडले. मी उलट बाजूने बोललो. लागोस विद्यापीठातून इंग्रजीची पदवी घेतलेली, मॉडेलिंग करून पाहिलेली ही बाई सायबर कॅफेत बसून नोंदी टाकत होती; जाहिरातींच्या जोरावर तिने त्या लेखनाचा मोठा धंदा उभा केला आणि ब्लॉग लिहून घर चालते, नव्हे श्रीमंत होता येते, हे नायजेरियातल्या मुलींना दाखवून दिले. २०१४ च्या ऑक्टोबरात दुसऱ्यांचा मजकूर उचलल्याच्या तक्रारींवरून गूगलने तो ब्लॉग काही काळ बंद ठेवला होता. तीही ओळ फलकावर राहील, या अटीवर विरोध मावळला. उचे पेद्रो यांच्या ‘बेलानाइजा’ची चौकट बिनविरोध मंजूर झाली. लग्नसमारंभ, पेहराव आणि समाजवार्ता यांतून एका विद्यार्थिनीच्या ब्लॉगचे माध्यमसंस्थेत रूपांतर झाले, यात कुणाला वावगे वाटण्याजोगे काही नव्हते.

खाद्यलेखनासाठी ओझोझ सोको यांना घेतले. त्या व्यवसायाने भूगर्भशास्त्रज्ञ. नेदरलँड्समध्ये राहत असताना २००९ मध्ये त्यांनी ‘किचन बटरफ्लाय’ हा ब्लॉग सुरू केला आणि नायजेरियन स्वयंपाकाचा इतिहास, घटकपदार्थ आणि अटलांटिकपार नेलेल्या गुलामांबरोबर ब्राझील व अमेरिकेत पोचलेल्या चवी यांचा माग काढला. ‘फीस्ट आफ्रिक’ या त्यांच्या उपक्रमात पश्चिम आफ्रिकी खाद्यसंस्कृतीवरच्या जुन्या पुस्तकांचे डिजिटल ग्रंथालय आहे. पाककृतीचा ब्लॉग म्हणजे हलके लेखन, हा समज आमच्याही बैठकीत होता. या ग्रंथालयाची यादी पाहिल्यावर तो पुन्हा कुणी बोलून दाखवला नाही.

१४ फेब्रुवारी

आजच्या तारखेला हाच विषय निघावा हे जुळून आले. घानाच्या नाना दारकोआ सेचियामा आणि मलाका ग्रांट या मैत्रिणींनी २००९ च्या जानेवारीत एक ब्लॉग काढला. आफ्रिकी स्त्रियांच्या शयनगृहातील गोष्टी, असे त्याच्या नावातच सांगितलेले आहे. लैंगिक सुख, भीती, अज्ञान, लग्नातली जबरदस्ती, विधवेची इच्छा, दोन स्त्रियांमधले प्रेम, यांवर त्या स्वतः लिहीतच, पण इतरजणींनाही टोपणनावाने लिहायला त्यांनी जागा दिली. आफ्रिकी बाईच्या शरीरावर आजवर लिहिले गेले ते एक तर रोगराईच्या अहवालात, नाहीतर परक्यांच्या कुतूहलापोटी. तिला स्वतःला काय वाटते हे तिनेच सांगावे, यासाठी हा खटाटोप होता. नाना दारकोआ यांनी पुढे खंडभरच्या आणि खंडाबाहेरच्या आफ्रिकी स्त्रियांशी बोलून याच विषयावर २०२१ मध्ये पुस्तक प्रसिद्ध केले.

हा फलक लावू नये, लावल्यास आतल्या खोलीत लावावा, अशी सूचना व्यवस्थापक मंडळाकडून आली. लहान मुले येतात, हे कारण. बैठकीत मी र. धों. कर्व्यांच्या ‘समाजस्वास्थ्य’चा विषय काढला. १९२७ पासून १९५३ पर्यंत, म्हणजे मरेपर्यंत, त्यांनी ते मासिक चालवले, वाचकांच्या अत्यंत खाजगी प्रश्नांना उत्तरे दिली, अश्लीलतेचे खटले अंगावर घेतले आणि १९३४ च्या खटल्यात डॉ. आंबेडकर त्यांचे वकील म्हणून उभे राहिले. त्या मासिकाबद्दल आपण आज अभिमानाने बोलतो आणि घानाच्या बाईसाठी पडदा लावतो, हे मला पटवून द्यावे, असे मी म्हटले. ताईंनी वाद मिटवला. फलक मुख्य दालनातच राहील. मजकुराची भाषा शरीरशास्त्राच्या पाठ्यपुस्तकाइतकी सरळ ठेवावी आणि कोणताही शब्द गाळू नये.

१९ फेब्रुवारी

इथिओपिया. अदिस अबाबाजवळच्या कालिती तुरुंगाचे आठ विभाग आहेत. तुरुंगाबाहेरचा उरलेला देश हा नववा विभाग, अशा अर्थाने काही तरुण मंडळींनी आपल्या गटाला ‘झोन नाइन’ हे नाव घेतले आणि ते मुख्यतः अम्हारिक भाषेत राज्यघटना, नागरिकांचे हक्क आणि चालू घडामोडी यांवर लिहू लागले. २०१४ च्या एप्रिलअखेर त्यांतील सहा ब्लॉगर आणि तीन पत्रकार यांना पकडण्यात आले. महलेत फांताहुन ही ब्लॉगर आणि एडोम कासाये ही पत्रकार, या दोघी त्यांत होत्या. संस्थापकांपैकी सोलियाना शिमेलिस परदेशी असल्याने तिच्यावर गैरहजेरीत खटला भरला गेला. दहशतवादविरोधी कायद्याखालच्या त्या आरोपांत एक मुद्दा असा होता की, ईमेल आणि संगणक सुरक्षित कसा ठेवावा याचे प्रशिक्षण त्यांनी घेतले होते. ज्याला आपण बँकेच्या सूचनाफलकावर शहाणपण म्हणतो, ते तिथे पुरावा म्हणून दाखल झाले. महलेत आणि एडोम यांची सुटका २०१५ च्या जुलैत झाली, अमेरिकेचे अध्यक्ष ओबामा तिथे जाण्याच्या काही दिवस आधी. गटातील उरलेल्यांची आणि सोलियानाची दहशतवादाच्या आरोपांतून मुक्तता त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात झाली.

या फलकाच्या कडेने चित्रकार काकांनी अम्हारिक ज्या लिपीत लिहितात त्या गिइझ लिपीतील अक्षरे काढायला घेतली आहेत. आपल्या बाराखडीसारखीच तिथेही प्रत्येक व्यंजनाची स्वरानुसार रूपे होतात, मात्र सातच. खालून उघडे असलेले चौकटीसारखे ‘ब’ काढायचे आणि त्याच्या उजव्या दांड्याला मध्यावर एक आडवी रेघ दिली की ‘बु’ होतो. काका दुपारभर ते गिरवत बसले होते आणि शेजारच्या मुलांनी त्यांच्याकडून आपापली नावे लिहून घेतली. ही लिपी युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावरील अक्षरांच्या जागतिक प्रमाण संचात, १९९९ साली आली. देवनागरीतून ब्लॉग लिहिताना फॉन्टच्या नावाने बोटे मोडलेल्यांना त्या तारखेचे महत्त्व निराळे सांगायला नको.

अटकेशिवायही तोंड बंद करता येते, म्हणून शेजारी एक छोटी चौकट घेतली. टांझानियाने २०१८ च्या नियमांनुसार ब्लॉगला परवाना सक्तीचा केला; अर्ज, प्रथम परवाना आणि वार्षिक शुल्क मिळून एकवीस लाख शिलिंग, म्हणजे नऊशे डॉलरच्या वर. त्याच वर्षी १ जुलैपासून युगांडाने समाजमाध्यमे वापरणाऱ्यांवर दिवसाला दोनशे शिलिंगांचा कर बसवला. जाहिरातींवर चालणारा ब्लॉग परवान्याचे पैसे कसेबसे काढील. फावल्या वेळात स्वयंपाकावर किंवा बाळंतपणावर लिहिणारी गृहिणी मुकाट्याने लिहिणे थांबवील आणि तिच्यासाठी कुठे निषेधसभा होणार नाही.

२३ फेब्रुवारी

युगांडाच्या रोझबेल कागुमिरे यांच्यामुळे आम्हालाच आरशात पाहावे लागले. २०१२ च्या मार्चमध्ये एका अमेरिकी संस्थेने जोसेफ कोनी या बंडखोर म्होरक्यावर चित्रफीत काढली आणि आठवड्याच्या आत ती दहा कोटींवर वेळा पाहिली गेली. रोझबेल या पत्रकार आणि ब्लॉगर. त्यांनी घरी बसून कॅमेऱ्यासमोर काही मिनिटांचे उत्तर दिले: कोनी उत्तर युगांडातून केव्हाच निघून गेला आहे, आज तिथल्या लोकांपुढचे प्रश्न पुनर्वसनाचे आहेत, आणि या गोष्टीत युगांडाच्या माणसाला स्वतःचा आवाजच ठेवलेला नाही. उंटावरून शेळ्या हाकण्याच्या वृत्तीवर इतके नेमके बोट क्वचितच कुणी ठेवले असेल. आता त्या आफ्रिकी स्त्रीवादावरच्या एका सामायिक व्यासपीठाच्या संपादक आहेत.

मग आम्ही सांगलीत बसून करतो आहोत ते काय, असा प्रश्न निघाला आणि तो टाळण्याजोगा नव्हता. त्यातून ठरले ते असे: फलकांखाली दोन संगणक ठेवायचे आणि मूळ लेखन जिथे उघडते तिथे ते उघडून द्यायचे, इंग्रजी वाचता न येणाऱ्यांसाठी महाविद्यालयातल्या दोघी विद्यार्थिनी शेजारी बसून मराठीत सांगतील. आमचा मजकूर वाचून झाल्यावर मूळ बाईचा शब्द ऐकायला मिळावा. बऱ्याच जुन्या ब्लॉगांची पाने आता उघडत नाहीत, हे काम करताना वारंवार आडवे आले आहे.

युगांडाच्याच डॉ. स्टेला न्यान्झी यांना घ्यावे की नाही यावर थोडा खल झाला, कारण त्यांचे गाजलेले लेखन ब्लॉगवर नसून फेसबुकवर आहे. वैद्यकीय मानववंशशास्त्राच्या या विदुषीने मुलींना शाळेत सॅनिटरी पॅड देण्याचे सरकारी आश्वासन हवेत विरल्यावर स्वतः वर्गणी गोळा केली, अध्यक्ष मुसेवेनींना ठेवणीतले अपशब्द वापरले, २०१७ मध्ये तुरुंगात गेल्या आणि एका शिवराळ कवितेसाठी २०१९ मध्ये त्यांना अठरा महिन्यांची शिक्षा झाली. २०२० च्या फेब्रुवारीत उच्च न्यायालयाच्या निकालाने त्या सुटल्या. माध्यम कोणते यावर अडून बसण्यात अर्थ नाही, असे ठरून त्यांचा समावेश झाला. कविता मात्र लावलेली नाही.

१ मार्च

फ्रेंच भाषक आफ्रिकेतून कोत दिव्हारच्या एडिथ ब्रू एवढे एकच नाव आपल्याकडे आहे. स्त्रियांसाठीचे ‘अयाना’ हे वेबनियतकालिक त्यांनी चालवले. पोर्तुगीज भाषक देशांतून कुणीच नाही. वाचणारे मिळाले तर पुढच्या फेरीत अंगोला आणि मोझांबिक घ्यावे. तोवर नकाशावर ते पांढरेच राहतील.

मुद्रितशोधन पूर्ण झाले. परकीय नावांचे उच्चार शक्य तितके तपासून घेतले आहेत. ‘रणरागिणी’ एकदाच सापडला, उद्घाटनाच्या निमंत्रणपत्रिकेत, तिथूनही काढला.

८ मार्च

दालन सकाळी दहाला उघडले. गर्दी अपेक्षेप्रमाणे घादा अब्देल आल यांच्यापुढे झाली आणि संगणकावरही बायकांनी तेच पान आधी मागितले. केनियाच्या फलकापाशी पूरग्रस्त भागातल्या काही मुली बराच वेळ थांबल्या. एसएमएसवरून नकाशा भरता येतो, तर महापुरात बोटी कुठे हव्यात हे तसे कळवता आले असते का, असे त्यांनी विचारले. २०१९ च्या पुरात त्यांच्या घरात पाणी होते. आज्ञावली सर्वांना खुली आहे आणि कुणालाही उतरवून घेता येते, हे सांगितल्यावर त्यांनी नाव लिहून घेतले. घानाच्या फलकापुढे कुणाही मुलाला काही झाले नाही. दोन आज्या मात्र खुर्ची मागवून तो शेवटच्या ओळीपर्यंत वाचत होत्या.

१२ मार्च

फलकसंचाची मागणी दोन ठिकाणांहून आली आहे. तालुक्याच्या वाचनालयाला एप्रिलचा पहिला पंधरवडा दिला. एका महाविद्यालयाने घानाचा फलक वगळून उरलेला संच मागितला होता. संच अख्खाच जाईल, असे ताईंनी कळवले. त्यांच्याकडून उत्तर आलेले नाही, तेव्हा त्यांची तारीख प्रतीक्षायादीतल्या पुढच्या वाचनालयाला देऊन टाकली आहे. इथिओपियाच्या फलकाचा उजवा कोपरा वाहतुकीत दुमडू नये म्हणून त्याला मागून पट्टी मारून घ्यावी.